देव्हाऱ्यातून उतरवलेली डबी

दिवेलागण झाली की मला घरात बसवत नाही. पडवीतून मागच्या दारी जातो, मागच्या दारातून परत पडवीत येतो. कुत्रंसुद्धा एका जागी निजतं, मला ते जमत नाही. शेजारची वहिनी, माझ्या चुलत भावाची बायको, कुंपणापलीकडून ओरडते, "भावोजी, काय हरवला काय?" मी बोलतो, "चप्पल." चप्पल पायातच असते. तिला ती दिसत असते.

वाट मी बघत असतो पोराची. माझ्या मुलाचा मुलगा, सतरा वर्षांचा. घरात आता आम्ही दोघंच. माझी बायको आंब्याला मोहोर होता तेव्हा गेली, आता झाडावर आंबा राहिलेला नाही.

नाव कुणाचं घालत नाही. आमच्या वाडीत सगळी एका आडनावाची घरं, एक नाव लिहिलं की सगळे कळतात. पण रोगाचं नाव लिहितो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोराला एचआयव्ही आहे, जन्मापासून. आईबापाकडून आला. माझा मुलगा मुंबईला टेम्पो चालवायचा. आधी तो गेला, मग सून गेली. गावात आम्ही टीबी सांगितला. टीबी होताच, त्यामुळे अगदी खोटं बोललो असं नाही.

दवाखान्यातल्या बाई सांगतात, रोज एक गोळी वेळेवर घेतली तर हा पोरगा तुमच्याआमच्यासारखा म्हातारा होईल. मी ते डोळ्यांनी बघतोय. माडावर चढतो, विहिरीत उड्या मारतो, चेंडूने वहिनीची कौलं फोडतो. पण गोळी चुकली, चुकतच राहिली, की रोग त्या गोळीला भीक घालत नाही. मग गोळी असून नसल्यासारखी. मुलगा गेला, सून गेली, आता ही गेली. मागे राहिलं ते हे पोर, आणि पोर राहणार ते त्या गोळीवर. म्हणून मी चप्पल शोधत फिरतो.

ती गोळी ठेवायची जागा आमच्याकडे देव्हाऱ्यात होती. ही कल्पना हिची. पोर लहान असताना औषध तोंडात टिकवायचंच नाही. गोळी कडू, ते थुंकायचं. गुळात घालून दिली तर गूळ खायचं आणि गोळी जिभेच्या टोकावर आणून दाखवायचं. मी दोन धपाटे घालून बघितले, तरी नाही. एका संध्याकाळी हिने दिवा लावला, गोळ्यांची डबी उचलली आणि देव्हाऱ्यात देवांच्या मागे ठेवली. गोळी काढून तुळशीच्या पानावर ठेवली, शेजारी पळीभर तीर्थ.

"ही देवाची गोळी हाय," ती पोराला बोलली. "थुकलास तर देव रागावतो."

"कुठला देव?"

"सगळेच. वर बघ किती बसलेत ते."

पोराने देव्हाऱ्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि गोळी गिळली. त्या दिवसापासून रोज तसंच. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, देव्हाऱ्यापुढे उभं राहायचं, तीर्थ घ्यायचं, गोळी गिळायची. पाहुणे आले तरी कुणाला शंका येत नसे. संध्याकाळी पोर देवासमोर उभं राहतं म्हणून लोक उलट कौतुक करायचे. "काय वळण लावलंय हो पोराला!" ही मान हलवायची. डबी देवांच्या मागे, आणि देवांच्या मागे कोण हात घालतो?

मोठं झाल्यावर दवाखान्यातल्या बाईंनी त्याला खरं काय ते समजावून सांगितलं. त्याला कळलं की गोळी कुठल्या देवाची नाही, आजाराची आहे. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. पण गोळी देव्हाऱ्यातच राहिली. त्यालाही तिथूनच घ्यायची सवय झाली होती.

आता माझं एक सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. मी चिरेखाणीत होतो. जांभा दगडाचे चिरे पाडायचे, दिवसभर लाल धूळ नाकातोंडात. संध्याकाळी घोटभर घ्यायचो, कधी घोटापेक्षा जास्त. खाणीवर सगळेच घ्यायचे. ही भांडणारी नव्हती. तिचा एकच नियम होता. "पिऊन आलात तर माजघरात पाय ठेवायचा नाय. आत देव हायत." माझं ताट पडवीत यायचं, अंथरूण पडवीत पडायचं. पोर तेव्हा चड्डीत होतं. माजघराच्या उंबऱ्यावर उभं राहून मला विचारायचं, "आबा, आज तू बाटलास?"

"बाटलो रे बाबा."

"मग उद्या आत येशील?"

"उद्या अंघोळ करून येईन."

त्याला त्याची गंमत वाटायची. मलाही वाटायची. पुढे गुडघे गेले, खाण सुटली आणि दारूही सुटली. मी सोडली असं म्हणत नाही, तीच सुटली.

ही गेली ती सकाळी भाकऱ्या थापताना. "जरा भोवळ आली," बोलली, पाट सरकवला आणि भिंतीला टेकली. तव्यावरची भाकरी मी उतरवली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटपलं होतं. मी त्या वेळी काय केलं ते मला नीट आठवत नाही, भाकरी उतरवली एवढंच आठवतं.

घरात मुलगा नाही म्हणून अग्नी नातवाने दिला. मडकं त्याने खांद्यावर घेतलं. स्मशानातून परत आलो तर चुलत भावाने, तो भावकीत वडीलधारा आहे, देव्हाऱ्याची दारं ओढून घेतली आणि वरून पंचा टाकला. "सुतक हाय. तेरावा होईस्तोवर घरातल्या कोणी देवांना हात लावायचा नाय," तो बोलला. मग पोराकडे वळला. "आणि तू तर बिलकूल नाय. क्रिया तुझ्या हातची हाय."

पोर बोललं, "बरं, मोठे आबा."

डबी आत राहिली.

मला ते सुचलं नाही. माझं डोकं जाग्यावर नव्हतं. पोराला सुचलं असणार. पण घर माणसांनी भरलेलं, मुंबईहून भावकी आलेली, पडवीत पत्ते, माजघरात बाया निजलेल्या. त्याने काय सांगायचं? मोठे आबा, जरा पंचा बाजूला करा, माझी गोळी आत राहिली? कसली गोळी म्हणून दहा जण विचारणार, त्यातला एक तरी डबी हातात घेऊन वाचणार. तो गप्प राहिला. सगळं सुतक तसंच गेलं.

तेरावा झाला, पंचा निघाला, देवांना अंघोळ घातली. आता गोळीचं माझ्याकडे आलं. मला विचारायचं कसं तेच ठाऊक नाही. ही होती तोवर मला कधी विचारावं लागलं नव्हतं. मी पडवीतून ओरडायचो, "घेतलीस काय रे?" आतून "हो" यायचं. कधी आतून यायचं, कधी बाहेरून, अंगणातूनच. तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

मग दारूचा वास यायला लागला. मला कुणी शिकवायला नको, लांबूनच कळतो. पोर अंधार पडता पडता यायचं, अंगणात तोंड धुवायचं, पडवीच्या कोपऱ्यात पडायचं. जेव म्हटलं तर "भूक नाय." एकदा त्याचा शर्ट धुवायला काढला तर खिशात कागदाची पुडी. आत वाळलेला पाला. तुळशीच्या मंजिऱ्या चुरल्यासारखा दिसत होता, वास मात्र वेगळा. गांजा मी बघितलेला आहे. पुडी चुलीत टाकली तर घरभर वास सुटला. वहिनी पलीकडून ओरडली, "भावोजी, कसला धूप लावलात?"

"मच्छरांचा."

"बरा हाय वास. आमच्याकडं पण द्या थोडा."

मला हसू आलं, मग हसल्याचा राग आला. हसायला घरात दुसरं कोण होतं? त्या दिवशी मी पोराला खूप बोललो. आजीची आठवण काढली, बापाची काढली. पोर खाली मान घालून ऐकत राहिलं. शेवटी मी बोललो, "गोळी तरी घेतलीस काय?"

"आज नाय."

"का नाय?"

"आज नाय म्हणजे नाय."

मला वाटलं, हा माज आहे. मला वाटलं, याला जगायचंच नाही. मी त्याच्या थोबाडीत दिली. तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, मनात आणलं असतं तर माझा हात धरू शकला असता. धरला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मी सड्यावर शोधायला निघालो. आमच्या गावावर सडा आहे, नुसता कातळ, त्यावर आमचीच जुनी खाण. चौकोनी खड्डा, चार बाजूंनी कापलेल्या भिंती, पायऱ्या पाडलेल्या. त्या पायऱ्या मी पाडलेल्या आहेत. उतरून बघतो तर पाच-सहा पोरं बाटल्या घेऊन बसलेली, मधे शेव आणि कापलेला कांदा. उन्हं कलली होती, खाणीत सावली.

"आलं बघ, आजोबा आलं," एक जण बोलला. जयगडला पोर्टावर डंपर चालवतो तो. "आजोबा, बसा. तुमचीच खाण हाय, तुमाला नको कसा म्हणू?"

"खाण माझी, पण घाण तुमची," मी बोललो. "तुझ्या बापाला इथंच चिरा पाडायला शिकवला मी. पहिल्या दिवशी पायावर पाडून घेतलान."

पोरं हसली. डंपरवाल्याने बाटली पुढे केली. "मग त्या नावाने एक घोट."

"माझा कोटा संपला. तुझ्या वयात तुझ्या बापाचाही संपत आला होता."

आमचं पोर हसत नव्हतं. ते भिंतीला टेकून बसलं होतं, बाटली पायामागे लपवून. मी त्याला उठवलं. तो मुकाट्याने उठला. खड्ड्यातून वर येताना मागून एक जण ओरडला, "आजोबा, रागावू नका हो! उद्या पोर्टात लागला की ह्याच्या पगारातून आमाला पाजणार हाय!" पोराने मागे बघितलं नाही. घरी आलो तरी तो पायरी चढेना. अंगणातच माडाला टेकून उभा राहिला. मी आतून डबी आणायला गेलो तर ओरडला, "आबा, नको! आज नको बोललो ना!" एवढ्या मोठ्याने की पलीकडे वहिनीचा दिवा लागला. मी तसाच थांबलो.

महिन्याच्या गोळ्या आणायला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात जावं लागतं. आधी ही त्याला घेऊन जायची, मी घरी राहायचो. या वेळी मी गेलो. बाहेर बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात. मीही भिंतीकडे बघितलं.

त्या दवाखान्यातल्या बाई, समुपदेशनाच्या, वयाने माझ्या मुलीसारख्या असाव्यात. त्यांनी हिच्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं. डबी बघितली तर अर्धी भरलेली. त्यांनी पोराकडे बघितलं. पोराने माझ्याकडे बघितलं. मला राहवलं नाही.

"पितो हा," मी बोललो. "दारू पितो, गांजा ओढतो. गोळी घेत नाही. ह्याला मरायचंय."

"आबा, गप," पोर बोललं.

बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. पोराला विचारलं, "पितोस त्या दिवशी गोळी घेत नाहीस की रोजच घेत नाहीस?"

"पितो त्या दिवशी."

"का? दोन्ही पोटात एकत्र गेलं तर काही होईल, अशी भीती वाटते का? बरीच मुलं असं समजतात."

पोराने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ मारली.

"हे बघ," बाई बोलल्या, "दारू चांगली आहे असं मी सांगणार नाही. गांजा तर नाहीच. त्याबद्दल आपण स्वतंत्र बोलू, तू एकटा ये, आबांना बाहेर बसवू. पण आज एक गोष्ट लक्षात ठेव. प्यायला असलास तरी गोळी घ्यायची. प्यायलास म्हणून गोळी सोडलीस तर नुकसान दुप्पट." मग माझ्याकडे वळल्या. "बाबा, तुम्हीही ऐका. तो पिऊन आला तर भांडण सकाळी करा. संध्याकाळी फक्त गोळी."

रक्त घेतलं. ते पुढे कुठे पाठवतात. रोग अंगात किती वाढलाय ते त्यातून कळतं म्हणे, कागद यायला वेळ लागतो.

एसटीत काही बोलता येईना, गाडी गच्च भरलेली. पोर खिडकीबाहेर बघत होतं. फाट्यावर उतरलो आणि घराकडची पाखाडी चढायला लागलो. चिऱ्यांच्या पायऱ्या, माझे गुडघे दर दोन पायऱ्यांनी थांबतात. पोर पुढे जाऊन वाट बघत उभं राहायचं. अर्ध्या वाटेवर मी बसलो.

"बाईंनी विचारला त्याचा जवाब दिला नाहीस," मी बोललो. "का सोडतोस गोळी? मला सांग. मारणार नाय."

तो दोन पायऱ्या उतरून माझ्याशेजारी बसला. मग बोलला, "पिऊन देवाऱ्यात हात घालू काय?"

मला कळलंच नाही. "काय?"

"डबी देवांच्या मागे हाय. पिऊन आलेल्याने माजघरात जायचा नाय. आजीच बोलायची. तू पण जायचास नाय. पडवीत जेवायचास."



"आणि सुतकात मोठ्या आबांनी दार लावलेला," तो बोलला. "तेव्हा इतके दिवस सुटली, मग वाटला, सुटलीच हाय तर..." तो पायरीवरचं गवत उपटत बसला.

राग आला, पण कुणावर? हिच्यावर रागावू? तिने पोराला वाचवलं ते त्याच देव्हाऱ्याने. चुलत भावावर? त्याने रीत केली. माझ्यावरही रागावून काय होणार, मी पडवीत जेवायचो ते रीत पाळूनच. पोर मला वाटलं तेवढं बिघडलेलं नव्हतं. बिघडलेलं असतं तर पिऊन सरळ आत घुसलं असतं आणि गोळी घेतली असती. ते आजीची शिस्त पाळत होतं आणि शिस्त पाळत मरणाकडे जात होतं.

"आणि पितोस कशाला?" मी विचारलं.

"सगळे पोर्टात लागतायत. कंत्राटदार रक्त तपासतो म्हणतात. मी त्यांना काय सांगू, मला येयचा नाय? तिकडं बसलो की कोण विचारत नाय. पिणाऱ्याला कोण काय विचारत नाय."

"रक्त बघून काम नाकारता येतं काय, ते बाईंना विचारू."

"तू सगळा बाईंनाच विचार." पण हे बोलताना तो जरा हसला. आजी गेल्यावर पहिल्यांदा.

घरी आल्यावर मी अंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे बसलो आणि देवांच्या मागून डबी काढली. तिच्या जागेवर धुळीत गोल उमटलेला होता, किती वर्षं ती तिथे होती. तो गोल मी पुसला नाही.

आता ठेवायची कुठे? मिठाच्या बरणीत ठेवली तर दमट होईल. ट्रंकेत ठेवली तर कुलूप आणि पुन्हा माजघर. जागा पडवीत हवी, बाटलेल्या माणसाचा हात पोचेल अशी, पण दुसऱ्या कुणाचा पोचू नये. पडवीत माझा पानाचा डबा असतो, पितळेचा, बापाच्या वेळचा, झाकण कुरकुरतं. त्यात ती बरोबर मावली. पण पडवीत येणारा प्रत्येक जण न विचारता तोच डबा उघडतो. चुलत भाऊ तर पायरी चढताना हात पुढे करतच येतो. म्हणून मी पान सोडलं. तंबाखू, चुना, अडकित्ता, सगळं वहिनीला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, हात डब्याकडे. मी डबा मांडीखाली घेतला.

"पान सोडलंय," मी बोललो.

"कधी?"

"काल."

"कशापायी?"

"ही गेली ना."

"बायको गेली म्हणून पान सोडतात काय?" तो खवळला. "सोडायचाच तर जेवण सोड! आता मी तंबाखू कुठं खाऊ?"

"घरी खा. तुझ्याच घरी दिलाय सगळा."

"घरी ती खाऊ देत नाय, म्हणून तर तुझ्याकडं येतो!" तो पाय आपटत गेला. पण जाताना अंगणात थांबला आणि बोलला, "बायकोवर तुझा जीव होता, हां." पान नसल्यामुळे माझं तोंड दिवसभर चाळवत असतं, हात डब्याकडे जातो आणि मागे येतो. आधीच बसवत नाही, त्यात हे.

पोराला मी डबा दाखवला. उघडून दाखवला, बंद करून दाखवला. "पिऊन ये, न पिता ये, डबा इथं हाय. पडवी हाय, देव नाय." पुढचे काही दिवस तो लवकर आला. झाकण कुरकुरायचं, मी मागच्या दारी असलो तरी ऐकू यायचं.

मग एक शनिवार आला. दिवेलागण झाली, पोर नाही. मी चप्पल शोधायला लागलो. वहिनीने विचारलंसुद्धा नाही. सड्यावरून मोटरसायकलचा आवाज आला, फाट्याच्या वळणावर थांबला, परत गेला. मग पाखाडीवरून पावलं, एक सरळ, एक वाकडं. पोर अंगणात आलं आणि माडाला धरून उभं राहिलं.

"आबा," तो बोलला, "आज मी बाटलो."

माझ्या तोंडात किती शिव्या आल्या. बाईंचं बोलणं आठवलं, भांडण सकाळी. शिव्या गिळल्या.

"बाटलास तर बाटलास," मी बोललो. "पडवीत ये. ही पडवी बाटलेल्यांचीच हाय. मी अर्धा जन्म इथंच जेवलोय."

तो पायरी चढला, बसला, डबा पुढ्यात ओढला. झाकणावर हात ठेवून तसाच राहिला. आत माजघरात देव्हाऱ्यापुढे दिवा होता, मी लावलेला. तो तिकडे बघत होता.

"आजीला कळला तर?"

"तिच्याकडं तुझ्याआधी मी जाणार हाय," मी बोललो. "तिला काय सांगायचं ते मी बघून घेतो. तू उघड."

झाकण कुरकुरलं. गोळी त्याच्या हातातून एकदा निसटली, चटईवर पडली, दोघांनी मिळून शोधली. मी तांब्या दिला. त्याने गिळली, पाणी अंगावर सांडलं, पण गिळली. तोंड उघडून दाखवलंन, लहानपणी जीभ बाहेर काढायचा तसं. जिभेवर काही नव्हतं.

"आता दारूवर बोलू?"

"उद्या बोल, आबा."

"सकाळी बोलणार. मोठ्याने बोलणार. पलीकडे वहिनीला ऐकू जाईल एवढ्या."

"बोल."

तो तिथेच आडवा झाला. मी त्याला चादर घातली आणि सकाळी खरंच मोठ्याने बोललो. त्याने ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तो एकटाच बाईंकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पिणं सुटलंय असं नाही. मधे एकदा पुन्हा बाटला. पुडी मात्र खिशात मिळाली नाही, मी रोज बघतो. रक्ताचा कागद अजून आलेला नाही.

संध्याकाळी मी अजून पडवीतून मागच्या दारी आणि मागच्या दारातून पडवीत फिरतो. वहिनी विचारते, मी चप्पल सांगतो. झाकण कुरकुरलं की मी जिथे असेन तिथे बसतो. कधी मागच्या दारच्या पायरीवर, कधी तुळशीपाशी. त्या झाकणाला तेल घाल, असं चुलत भाऊ दोनदा बोलला. मी घालत नाही.